'येतो' म्हणाला होता

माणूस म्हातारा कुठून व्हायला लागतो असं विचारलं, तर शंभरातले नव्वद जण म्हणतील, गुडघ्यापासून. लाँड्रीतल्या मावशीचं मात्र सगळं उलटंच. साठी जवळ आली आणि बाईच्या गुडघ्यांना पालवी फुटली.

लाँड्रीत तिला सगळे मावशीच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. अर्धं आयुष्य ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी आहे. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, आणि बटणांची पट्टी सगळ्यात शेवटी. उभं राहून राहून बाकीच्या बायकांचे पाय सुजतात, शिरा फुगतात. हिचे पाय कुठल्या मातीचे होते देव जाणे, नुसते घट्ट होत गेले.

पळायला ती हौसेनं लागली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आई अंथरुणाला खिळलेली. घरात दुसरं कुणी नाही. थोरला भाऊ होता, म्हणजे आहे अजून, पण त्याचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि आईला बघायला यायचा तो सठीसामासी. मग दुपारच्या सुट्टीत मावशी लाँड्रीतून पळत घरी जायची, आईला कुशीवर वळवायची, चार घास भरवायची, तोंड पुसायची आणि पळतच परत यायची. घाम पुसून पुन्हा इस्त्री हातात. अशी कितीतरी वर्षं गेली. याला पळणं म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं. ती त्याला 'जाऊन येणं' म्हणायची.

मग आई गेली. मावशी पुन्हा कामावर आली, दुपारची सुट्टी झाली, आणि पाय निघाले की आपले सवयीनं! दारापर्यंत धावत गेली, कुलपात किल्ली घातली, तेव्हा ध्यानात आलं. आत कोण आहे भरवायला? तिथंच पायरीवर बसून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून पळतच परत आली, कारण सुट्टी संपत आली होती आणि मालकीणबाईंची टकळी कोण ऐकून घेणार? दुसऱ्या दिवशीही पाय निघाले. पण त्या दिवशी ती घरापाशी थांबली नाही. तशीच पुढे गेली.

झालं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच.

लोकांनी टिंगल करायची ती केलीच. "साठी बुद्धी नाठी," शेजारीण म्हणाली, तेही तिला ऐकू जाईल अशा बेतानं. मालकीणबाईंनी तर सरळ नावच ठेवलं, वरातीमागून घोडं. सकाळी ती दारात दिसली की काउंटरवरून हाळी यायची, "आलं का आमचं घोडं?"

"घोडं तर घोडं," मावशी म्हणायची. "गाढव तरी नाही म्हणालात."

पण घोडं दर वर्षी जास्त जास्तच पळायला लागलं, त्याला काय करणार? आधी मैदानाला फेऱ्या, मग नदीकाठचा सगळा रस्ता, मग शर्यती. पहिल्या वर्षी शेवटून तिसरी आली. नंतर मधे कुठंतरी. नंतर पुढच्या घोळक्यात. मैदानावर शाळेच्या मुलांना शिकवणारे एक सर होते, ते गळ्यातलं घड्याळ चाचपत म्हणाले, "मावशी, तुमचं वय उलट्या दिशेनं चाललंय की काय? या वयात माणूस उतरतो, तुम्ही चढताय."

मावशी नुसती हसली.

"पण एक सांगू? राग मानू नका. हे असं राहत नाही. शेवटी शरीर आहे. यंदा आहात तशा तुम्ही पुन्हा कधी नसाल. फार तर पुढच्या वर्षी. मग उतारच. कुणाला दाखवायचं असेल तर यंदा दाखवून घ्या."

सर आपले सहज बोलून गेले. मावशीच्या मात्र काळजात रुतलं. कारण तिला दाखवायचं होतं. एकालाच. दादाला.

दादा म्हणजे तोच थोरला भाऊ. ऐन विशीत त्याच्यासारखा पळणारा शहरात दुसरा नव्हता. मैदानाच्या कडेला एक बुटकी भिंत आहे. त्या भिंतीवर ही धाकटी, मांडीवर त्याचा स्वेटर, हातात पाण्याची बाटली, पाय हलवत बसलेली. सारखी मागे मागे असायची म्हणून तो तिला 'शेपूट' म्हणायचा. दमला की दादाचे खांदे वर वर जाऊन कानाला भिडायचे. मग भिंतीवरून ही गळा काढायची, "खांदे, दादा, खांदे!" आणि तो खांदे खाली सोडायचा. एवढंच हिचं काम, पण तोरा काय विचारता! जसा काही तो हिच्या ओरडण्यामुळेच जिंकत होता. "तू पण पळ की" असं मात्र तिला कुणी म्हणालं नाही. दादाही नाही.

मग त्याचा गुडघा गेला. अजून खरा भरात यायचा होता, त्याआधीच गेला. त्यानं पळण्याच्या नावानं कानाला खडा लावला, कप माळ्यावर टाकले, ऑफिसात चिकटला, लग्न केलं, निवृत्त झाला. शेपूट पळते हे त्याला ठाऊक होतं. न ठाऊक असायला काय झालं, लाँड्रीच्या काचेवर मालकीणबाईंनी तिचा फोटो चिकटवला होता. पण एका शब्दानं त्यानं कधी विचारलं नाही. विषय निघाला की त्याला हटकून काहीतरी आठवायचं आणि तो उठायचा.

आणखी एक सांगायचं राहिलं. घरातून निघताना मावशी रिकाम्या घराला 'येते' म्हणते. आपल्याकडे निघताना 'जाते' कोण म्हणतं? म्हणून बघा, आतून कुणीतरी ओरडेलच. 'येते' म्हणायचं, आणि आतल्यानं 'ये' म्हणायचं. आईची वाचा गेली, सगळे शब्द गेले, पण तेवढा एक राहिला होता. मावशीनं दारातून "येते गं" म्हटलं की अंथरुणातून "ये" यायचंच. आता यायचं नाही. तरी मावशी म्हणायची, आणि कुलूप लावायच्या आधी जराशी थांबायची.

तर, यंदाच्या शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात दादा लाँड्रीत आला. दोन शर्ट न्यायचे होते. त्याचे शर्ट ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तो काउंटरपाशी उभा, ती टेबलाशी पाठमोरी, इस्त्री वाफ सोडतेय.

"रविवारी शर्यत आहे," ती म्हणाली. वळली नाही. समोरासमोर विचारायचा धीर नव्हता.

"हं."

"नदीकाठानं जाऊन शेवट मैदानात आहे. आपल्या भिंतीपाशी."

"हं."

"येशील?"

वाफ सुटली. दादानं शर्टाची बटणं एकदा तपासली, शर्ट हातावर टाकले. एवढ्यात मावशीनं मान वळवली. दोघांची नजरानजर झाली. तो जरा घुटमळला, दार ढकललं आणि म्हणाला, "येतो."

मावशीचा चेहरा एकदम उजळला. दारावरची घंटी वाजली. तो गेला.

इथंच सगळा घात झाला. दारात उभं राहून माणूस 'येतो' म्हणतो म्हणजे काय म्हणतो, हे शेंबडं पोरही सांगेल. रोज रिकाम्या घराला 'येते' म्हणणाऱ्या बाईला ते कळू नये? पण ज्याला जे ऐकायचं असतं तेच त्याला ऐकू येतं. मावशीनं विचारलं होतं "येशील?", आणि उत्तर आलं होतं "येतो". तिच्या दृष्टीनं विषय संपला.

त्या आठवड्यात तिचे पाय जमिनीवर नव्हते. कुणाच्या तरी पँटला दोन क्रीझ पडल्या, एक बाही जळता जळता वाचली. मालकीणबाईंनी डोळे वटारले. "काय गं, लक्ष कुठाय?"

"दादा येतोय रविवारी."

"तो? तोंडानं म्हणाला?"

"म्हणाला की. 'येतो' म्हणाला."

मालकीणबाई कसल्या तिखट बाई, पण तिचा चेहरा बघितला आणि त्यांनी तोंडातलं तोंडातच ठेवलं. "बरं झालं हो," एवढंच म्हणाल्या आणि उगाच हँगर मोजत बसल्या.

रविवारी पहाटे मावशीनं बूट बांधले, रिकाम्या घराला "येते" म्हणाली, आणि त्या दिवशी कुलूप लावायच्या आधी थांबली नाही. कशाला थांबेल? आज 'ये' म्हणणारं माणूस पुढे होतं, मागे नाही.

शर्यतीला तरण्याताठ्या पोरी आल्या होत्या. रंगीत चष्मे, कानात गाणी, हातपाय ताणणं, फोटो काढणं. मावशी कडेला उभी राहिली, नेहमीसारखी एकटी. तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. शिट्टी झाली. पोरी उधळल्या. मावशी आपल्या चालीनं निघाली. आधी कॉलर, मग खांदे, घाईनं केलं की चुण्या पडतात, हे तिला इस्त्रीनं शिकवलं होतं.

नदीकाठानं एकेक पोरगी मागे पडायला लागली. आणि पुलावर काय झालं ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. दमच लागेना. पाय पडतायत, श्वास चाललाय, आणि जणू कुणीतरी अलगद पुढे ओढतंय. सर म्हणाले होते ना, यंदा आहात तशा पुन्हा नसाल, ते हेच, हे तिला तिथं पक्कं कळलं. इतकी चांगली ती आयुष्यात कधी पळली नव्हती आणि पुन्हा पळणार नव्हती. कळलं, आणि तिला आनंदानं रडू आलं, कारण थोडंच पुढे, भिंतीपाशी, दादा हे बघणार होता. पुढे लाल रिबीनवाली एकच पोरगी उरली होती. मैदानाच्या फाटकाशी मावशीनं तिलाही गाठलं आणि मागे टाकलं.

शेवटच्या वळणावर हातात झेंडा घेतलेला एक गृहस्थ आडवा आला. "ओ आजी, बाजूनं, बाजूनं! इथून पळणारे येतायत!"

"मग मी काय भाजी आणायला निघालेय?" मावशी म्हणाली आणि त्याच्या बगलेतून जाऊन फीत तोडली. सगळ्या बायकांत पहिली.

टाळ्या वाजल्या. भोंग्यावरच्या माणसाला तिचा नंबर दोनदा विचारून घ्यावा लागला, त्याचा विश्वासच बसेना. सर धावत आले, काहीबाही बोलत होते. मावशी कुणाचंच ऐकत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर कुणाचे तरी डबे होते, एक टॉवेल वाळत होता. दादा नव्हता.

गर्दीत असेल. पलीकडे असेल. पाणी प्यायला गेला असेल. पदक गळ्यात पडलं, फोटो झाला, लोक पांगले. ती भिंतीवर जाऊन बसली. फीत गुंडाळली गेली, खुर्च्या टेम्पोत चढल्या, झेंडेवालाही "चला आजी" म्हणून गेला. आणि मग तिच्या मनात आलं, दादा शब्दाचा पक्का. 'येतो' म्हणाला आणि आला नाही, म्हणजे त्याला काहीतरी झालं.

ती उठली आणि फोन, रिक्षा काही न सुचता पळत सुटली. आत्ताच सगळी शर्यत पळून आलेली बाई, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पदक मुठीत घट्ट धरून. छातीत तर दुखलं नसेल? पडला तर नसेल? वाटेत लोक वळून बघत होते. पुलावर ओढणारं ते कुणीतरी आता नव्हतं, नुसती भीती होती, पण पाय मात्र तसेच पडत होते.

दार वहिनीनं उघडलं. आत दादा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅनची पाती पुसत बसला होता. धडधाकट. कानाला पेन्सिल.

"काय गं?" तो दचकला. "काय झालं?"

"तू... तू बरा आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

मावशी दाराच्या चौकटीला टेकली. श्वास पुरत नव्हता. "तू येतो म्हणाला होतास."

"कधी?"

"लाँड्रीत. मी विचारलं येशील का, तू म्हणालास, येतो."

वहिनीला आधी कळलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. "अगं वेडाबाई! निघताना म्हणतात तसं म्हणाले असतील. मग काय 'जातो' म्हणायचं?" दादाही हसला. आणि सांगायला वाईट वाटतं, पण मावशीही हसली. हसण्यासारखंच होतं ते. हसता हसता तिच्या हातातून पदक खाली पडलं, फरशीवर खणकन वाजलं.

"बस. चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

दादानं पदक उचललं नाही. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कळलं होतं मला," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तुला काय वाटलं ते. दारातच कळलं. तुझा चेहरा बघितला मी."

"मग सांगायचं नाहीस का?"

"म्हटलं, खुशीत आहे, पळू दे. कुणीतरी बघतंय म्हटलं की पाय वेगळे पडतात. मला माहितीय ते." त्यानं पंख्याचं पातं बोटानं फिरवलं. "आणि खरं सांगू? मला बघवलं नसतं. हेवा वाटतो मला तुझा. सख्ख्या बहिणीचा हेवा. लाज वाटते, पण वाटतो."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की दादाला आपलं पळणं दिसत नाही. त्याला पहिल्यापासून दिसत होतं.

"मी बसले ना रे भिंतीवर?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तुझा स्वेटर धरून रोज बसले. मला नाही वाटला कधी हेवा."

"तू लहान होतीस."

"आता तू मोठा आहेस ना?"

वहिनी चहा घेऊन आली. "कितवा नंबर आला गं?" तिनं विचारलं.

"पहिला."

"तुझ्या वयाच्या बायकांत?"

"सगळ्यांत."

दादाचा कप तोंडापाशी नेता नेता थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, अगदी पहिल्यांदाच बघितल्यासारखं, आणि विचारलं, "शेवटच्या वळणावर खांदे वर गेले?"

हेच, एवढंच तिला हवं होतं, भिंतीपाशी, त्या एका क्षणाला. आता त्याचं काय लोणचं घालायचं?

"काय माहीत," मावशी म्हणाली. "बघायला कुणी नव्हतं."

तिनं चहा संपवला, कप मोरीत नेऊन विसळला. खाली पडलेलं पदक उचलून खिशात टाकलं. दारात बूट घातले, नाड्या करकचून बांधल्या आणि उभी राहिली.

"जाते," ती म्हणाली.

"अगं!" वहिनी ओरडली. दादाही अर्धवट उठला, गुडघ्यावर हात ठेवून. "जाते काय म्हणतेस, शेपूट? येते म्हण."

"नाही रे," मावशी म्हणाली. "बरोबरच म्हणाले मी."

आणि ती निघाली. चालत नाही, पळतच. रस्ता सरळ होता, लांबलचक, दुतर्फा बंद दुकानं. रविवारची दुपार, चिटपाखरू नव्हतं. मागे दार लागल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती. आला नाही. एक पाय ओढत कुणीतरी पायरीवर आल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. म्हणजे तो दारात उभा होता. बघत होता.

तिनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. आता कुठं दमणूक चढायला लागली होती. सगळ्या शर्यतीची, वरून या धावण्याची, एकदमच. पाय जड झाले, खांदे हळूहळू कानाकडे निघाले. तिला कळत होतं ते. एक हाक येईल म्हणून तिनं ते मुद्दाम तसेच राहू दिले, पार कोपऱ्यापर्यंत.

हाक आली नाही.

"खांदे," मावशी स्वतःशीच म्हणाली, ते खाली सोडले, आणि कोपऱ्यावरून पुढे वळली.